चिमाबाईंची सावड

चिमाबाईंना फार राग आला की त्या समोरच्याला जेवायला वाढतात. मला ते जमत नाही. मला राग आला की मी लिहायला बसते, आणि गेल्या पावसाळ्यापासून माझा राग उतरलेलाच नाही.

चिमाबाई भाजे गावच्या. मळवली स्टेशनवरून निघालेला डांबरी रस्ता डोंगराला भिडायच्या आधी जिथे वळतो, तिथे रस्त्याच्या खालच्या अंगाला त्यांची तीन भातखाचरं आहेत. वरच्या अंगाला धबधबा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण खाचरात आवाज येतो तो फक्त पाण्याचा आणि चिमाबाईंचा. त्यांचा आवाज मोठा आहे. केरबा, म्हणजे त्यांचे यजमान, मळवलीला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. गाडीच्या धडधडाटातही नवऱ्याला हाक ऐकू गेली पाहिजे म्हणून आवाज चढला तो चढला, असं त्या सांगतात.

लोणावळ्याला माझ्या दारात त्या पहिल्यांदा तांदूळ घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघी तरुण होतो. इंद्रायणीची पिशवी खाली ठेवून त्यांनी मला आधी विचारलं, "तांदूळ घेनार का नुसता वास घेनार?" तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा भात शिजला नाही.

त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. देव्हारा गेला, गावकीची कामं सुटली, पण जमीन नव्हती ती नव्हतीच. सासूबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरात रोपं लावली आणि बांधावर नाही, बांधाच्या पलीकडे बसून भाकरी खाल्ली. पुढे केरबांनी रेल्वेच्या पगारातून ही तीन खाचरं घेतली. सातबारा हातात आला त्या दिवशी सासूबाई खाचरात उतरल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, हे चिमाबाईंनी मला एकदाच सांगितलं आहे. इतर गोष्टी त्या दहादा सांगतात.

भात लावणं हे मावळात एकट्या घराचं काम नाही. रोप एकदा उपटलं की ते लगेच चिखलात गेलं पाहिजे. पडून राहिलं की पिवळं पडतं. म्हणून सावड असते. आज तुझ्या खाचरात मी वाकेन, उद्या माझ्या खाचरात तू वाक. त्यात मजुरी नसते. ज्याचं खाचर त्याचं जेवण. घेतलेली सावड अंगानं फेडायची, घरातलं माणूस यायला हवं, आपल्या बदली मजूर धाडायचा नाही. आणि खाचरातली शेवटची मूठ, म्हणजे रोपांची शेवटची जुडी, घरधनिणीने स्वतःच्या हाताने लावायची. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलं तर गाव विसरत नाही.

पहिल्या वर्षी चिमाबाई सगळ्यांच्या खाचरात गेल्या आणि मग सगळ्यांना म्हणाल्या, आता माझ्याकडे या. त्या वस्तीतल्या बाईच्या खाचरात येऊन वाकायचं आणि तिच्या हातचं खायचं, हे गावाला नवीन होतं. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी आहे त्या दस्तगीरची बायको रोशनबी पहिली आली. आणखी चार-दोन घरं आली. दत्तोबा आले नाहीत. दत्तोबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, चिमाबाई त्यांच्याकडे दोन दिवस राबल्या होत्या. त्यांनी आपल्या बदली एक मजूर धाडला.

चिमाबाईंनी त्याला विचारलं, "कुनी धाडलं?"

"दत्तोबानं."

"बस. आदी जेव."

त्याला पोटभर वाढलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आता घरी जा. दत्तोबाला म्हनावं, तुज्या रानात माजी कंबर वाकली, मजुराची न्हाई. सावड फिटली न्हाई. तू ये."

त्या वर्षी दत्तोबा आले नाहीत. पुढच्या वर्षी आले. एक अक्षर न बोलता दिवसभर लावलं आणि चिमाबाईंच्या बांधावर सगळ्यांच्या पंगतीत जेवले. ही गोष्ट सांगताना त्यांनी किती भाकरी खाल्ल्या तो आकडा चिमाबाई दर वर्षी वाढवतात.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण चिमाबाईंच्या खाचरात पंचवीस-तीस माणसं एका वेळी वाकलेली असतात ती काय आहेत, हे वाचणाऱ्याला आधी कळावं. कारण गेल्या जुलैत एका मंडळाने ठरवलं की ती गर्दी आहे.

त्या दिवशी मी तिथे नव्हते. रोशनबी आणि केरबा, दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोघांचं जुळलं. एक खाचर लावून झालं होतं. उरलेल्या दोन खाचरांसाठी उपटायला घेतलेल्या रोपांच्या थोड्या जुड्या पाण्यात पडल्या होत्या, बाकीची रोपं अजून वाफ्यात होती. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. निळे रेनकोट घातलेले रखवालदार उतरले. त्यांच्या पुढे प्रज्ञेश होता. हा मुलगा वराळ्याचा, बोलायला नम्र, गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'क्षेत्र व्यवस्थापक'.

"सगळ्यांनी बाहेर या," तो म्हणाला. "इथे दहापेक्षा जास्त लोक जमायला बंदी आहे."

"आरं, जमलोय कुटं?" रोशनबी म्हणाली. "वाकलोय."

"मावशी, चेष्टा नको. ही गर्दी आहे."

"गर्दी बगायची तर वर धबधब्याखाली जा की. तितं बाटल्या फोडून नाचत्यात. हितं भात लावत्यात. तुला दोन्ही सारकंच दिसतं व्हय?"

"वरचे लोक तिकीट काढून आलेत. ते मोजलेले आहेत."

"मंग आमाला बी मोज आन जा."

प्रज्ञेशने तिचा नाद सोडला. "आयोजक कोण आहे?" त्याने विचारलं.

कुणालाच कळेना. आयोजक गणपतीला असतो, क्रिकेटच्या सामन्याला असतो.

"म्हणजे, या सगळ्यांना बोलावलं कुणी?"

इथे चिमाबाई चुकल्या. दुसऱ्या कुणी गप्प बसलं असतं. पण ज्या बाईने आपल्या खाचरात चार माणसं यावीत म्हणून वर्षानुवर्षं कंबर मोडली, तिला हा प्रश्न म्हणजे मान वाटला. त्या चिखलातून सरळ उभ्या राहिल्या आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी बोलवलं! ही समदी माजी मानसं हायती. जेवन बी माजंच हाय. तूबी बस, बाबा."

रोशनबी मला सांगत होती, "ताई, असं सांगितलं तिनं, जसं काय सरपंचच झालीया."

प्रज्ञेशने त्यांचं नाव लिहून घेतलं आणि फोटो काढला. चिमाबाईंनी फोटोसाठी पदर नीट केला.

मग रखवालदारांनी सगळ्यांना बाहेर काढलं. जेवण तसंच राहिलं. जुड्या पाण्यात तरंगत राहिल्या.

नोटीस घरी आली. परवानगीविना जमाव जमवल्याबद्दल दंड. आणि त्याखाली: सदर आयोजकास सप्टेंबरअखेर नियंत्रित क्षेत्रात प्रवेश करण्यास मनाई करण्यात येत आहे. नियंत्रित क्षेत्र म्हणजे रस्त्याच्या कडेपासून आत, दोन्ही अंगांना. म्हणजे तिन्ही खाचरं. म्हणजे चिमाबाईंनी आपल्या स्वतःच्या खाचरात पाय ठेवायचा नाही, भात पोटरीला येईपर्यंत, म्हणजे कणसं धरेपर्यंत.

त्या मळवलीहून गाडीत बसून माझ्याकडे आल्या. नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पोलक्यात.

"ह्येत काय लिवलंय ते ठावं हाय मला. सुनेनं वाचून दावलं," त्या म्हणाल्या. "मला तुमास्नी येकच इचारायचंय, ताई. ह्ये खरं हाय का?"

"खरं म्हणजे?"

"म्हंजी ह्यो कायदा हाय, का कुनाच्या मनात आलं म्हनून लिवलंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात पूर्वी रोज मिळत असे. माझे यजमान विधिमंडळाच्या कचेरीत होते. सरकारी खाती आणि मंडळं कायद्याखाली जे नियम करतात, ते कायद्याबाहेर जात नाहीत ना, हे तपासणारी आमदारांची एक समिती असते. तिचं काम ते पाहत. जेवताना बोलायचे, आणि मी म्हणायचे आमटी गार होते आहे. ते म्हणायचे, विधानसभेने कायदा करायचा आणि बारीकसारीक तपशील दुसऱ्यावर सोपवायचा, याला इलाज नाही. पावसाळ्यात फाटक किती वाजता बंद करायचं यावर आमदारांनी चर्चा करत बसू नये. पण गुन्हा कशाला म्हणायचं, शिक्षा काय द्यायची, माणसाचा कोणता हक्क काढून घ्यायचा, हे लोकांनी ज्यांना निवडून दिलं त्यांनीच ठरवायचं. ते काम दुसऱ्याच्या गळ्यात मारून हात झटकायला राज्यघटना परवानगी देत नाही. आणि ज्याच्यावर काम सोपवलं, त्याने ते परस्पर तिसऱ्याच्या हाती देणं तर मुळीच चालत नाही.

वडगावला मानसी म्हणून माझ्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी वकिली करते. तिने मला मूळ कायदा आणि मंडळाचे नियम दोन्ही आणून दिले. मी ते दोन्ही त्याच रात्री वाचून काढले.

धबधब्यांखाली आणि धरणांच्या काठांवर पोरं बुडून मरतात, हे खरं आहे. त्यासाठी काहीतरी करायला हवं, हेही खरं. विधानसभेने कायदा केला आणि एक पर्यटन सुरक्षा मंडळ नेमलं. त्या कायद्यात मंडळासाठी एक ओळ आहे: पर्यटकांच्या सुरक्षेसाठी मंडळ योग्य त्या तरतुदी करील. बस्स. योग्य म्हणजे काय, कुठवर, कुणाविरुद्ध, काही नाही. त्यात दंड नाही, मनाई नाही, गर्दी हा शब्दसुद्धा नाही. मंडळात काही अधिकारी, दोन हॉटेलवाले आणि शहरातले एक सल्लागार. या सगळ्यांनी एका बैठकीत बसून ठरवलं की दहा माणसांपुढे गुन्हा. त्यांनीच ठरवलं शिक्षा काय. आणि मग, एवढेही कष्ट नकोत म्हणून, शेवटी लिहिलं: गर्दी कशास म्हणावे याबाबत क्षेत्र व्यवस्थापकाचा निर्णय अंतिम राहील. क्षेत्र व्यवस्थापक नेमतो कोण? मंडळाने ठेका दिलेली कंपनी.

म्हणजे लोकांनी काम सांगितलं विधानसभेला. विधानसभेने धाडलं मंडळ. मंडळाने धाडली कंपनी. कंपनीने धाडला प्रज्ञेश. दत्तोबांनी निदान एकच मजूर धाडला होता.

सुनावणी लोणावळ्यात, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मंडळाची कचेरी आहे तिथे झाली. चिमाबाई, रोशनबी आणि मी गेलो. सदस्य-सचिव म्हणून जे गृहस्थ समोर बसले होते ते अतिशय सभ्य होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. खंडाळ्याच्या शाळेत आम्हाला नन शिकवायच्या. त्यांनी मला दोन सवयी लावल्या: रोज रात्री दिवसाचं लिहून ठेवायचं, आणि आवाज चढवायचा नाही. पहिली मी आजवर पाळली आहे.

"आजी, नियम तुमच्याच सुरक्षेसाठी आहे," सचिव चिमाबाईंना म्हणाले.

"मला काय झालं व्हतं?" चिमाबाई म्हणाल्या. "गुडघाभर पान्यात हुभी व्हते."

मी विचारलं, "शिक्षा करण्याचा अधिकार तुम्हाला कुठल्या कलमाने दिला?"

"कलम अकरा. योग्य त्या तरतुदी."

"त्यात शिक्षा कुठे आहे?"

"योग्य त्या तरतुदी यात सगळं येतं, मॅडम."

"सगळं येतं? फाशी येते?"

ते हसले. "तुम्ही टोकाला जाता."

"टोकाला तुम्ही गेलात. बाईला तिच्या शेतातून हाकललंत. नियम तुम्ही केला, पकडलं तुमच्या माणसांनी, आणि न्याय करायलाही तुम्हीच बसलात. विधानसभेत यातला एक शब्द तरी कुणी उच्चारला होता का?"

खाली हॉटेलात कुणाचा तरी वाढदिवस चालू होता. माझा आवाज ऐकून तिथलं गाणं कुणीतरी बारीक केलं. दुसरी सवय अशी मोडली.

रोशनबी इतका वेळ चहात बिस्कीट बुडवत बसली होती. "सायेब, येक सांगा," ती म्हणाली. "तुमास्नी निवडून कुनी दिलं? आमच्या कोंबड्यांनी?"

"मंडळाला निवडून देत नसतात, मावशी. नेमणूक होते."

"मंग काडायचं कसं?"

सचिवांनी घड्याळ पाहिलं आणि मवाळ सुरात एक कागद पुढे सरकवला. त्यावर चिमाबाईंनी फक्त सही करायची. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, आणि पुढच्या वर्षापासून सामूहिक कार्यक्रमाची परवानगी आगाऊ घेण्याची हमी. सही केली की मनाई आजच्या आज मागे. उद्या खाचरात जा, लावा.

सही करू नका, हे माझ्या जिभेवर होतं. मानसीने बजावलंही होतं, सही केली तर मंडळाचा अधिकार मान्य केल्यासारखं होईल, मग कोर्टात काय सांगणार? पण वर्षाचा भात माझा नव्हता. दोन खाचरं रिकामी होती, वाफ्यातली रोपं दिवसागणिक जून होत चालली होती, आणि कोर्टाची तारीख म्हणजे काय हे चिमाबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पेन हातात घेतलं.

"म्हंजी माजी सावड ह्यो कार्यक्रम?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"आन परवानगी तुमी देनार?"

"आम्ही, किंवा क्षेत्र व्यवस्थापक."

"म्हंजी त्यो प्रज्ञेश."

"जो कुणी असेल तो."

चिमाबाईंनी कागद सचिवांकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "माज्या सासूला खाचरात उतरायला परवानगी लागायची. पर ते दुसऱ्याचं व्हतं. ह्ये माजं हाय." पेन त्यांनी टेबलावर ठेवलं, आणि पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या काढल्या. "सायेब, तुमी जेवलाय का?"

सचिव गोंधळून म्हणाले, जेवलो. त्यांना वाटलं, बिचारी खेड्यातली बाई, किती अगत्य! मी ओळखते म्हणून मला कळलं. एवढ्या रागात मी चिमाबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

भात मात्र लावायचा होता. मनाई एकट्या चिमाबाईंना होती आणि बाकीच्यांना दहाचा आकडा. केरबांनी गावात निरोप फिरवला. माणसं पाळीपाळीने यायची ठरली, एका वेळी दहाच्या आत. पहिल्या पाळीला दत्तोबा आले. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे वाकत नाहीत. बांधावर बसून वाफ्यातली रोपं उपटून देत होते. मी रस्त्यावर छत्री धरून उभी होते आणि माझ्या शेजारी, डांबराच्या अगदी कडेवर, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या चिमाबाई. त्यांचे पाय रस्त्यावर होते, बाकी सगळ्या त्या खाचरात होत्या.

"दत्तोबा, जुडी बारीक बांध! म्हातारपनात आकल जाडी झाली व्हय?"

"तू गप! तुला बंदी हाय."

"पायाला हाय, तोंडाला न्हाई!"

मागून धबधब्याला निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एकाने काच खाली करून विचारलं, काय चाललंय, शूटिंग आहे का? चिमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

प्रज्ञेश सबंध दिवस जीपपाशी उभा राहून माणसं मोजत होता. दिवस कलला तेव्हा शेवटच्या खाचराच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात घोंगडीएवढी जागा उरली आणि एक जुडी. रोशनबीने ती उचलली, तसे दत्तोबा बांधावरून ओरडले, "ठिव ती खाली! ती तिची हाय."

सगळे थांबले. कोपरा रस्त्यापासून दोन हातांवर होता. मग प्रज्ञेश आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आजी, उतरा. पटकन लावून या. मी तिकडे तोंड करतो."

मला वाटलं उतरतील. मनातून मलाही ते हवं होतं.

"तू तोंड फिरवलं म्हनून मी माज्या रानात जाऊ?" चिमाबाई म्हणाल्या. "चोरावानी?"

त्या वळल्या आणि घराकडे चालायला लागल्या. जेवण रस्त्याच्या कडेला, टपरीच्या आडोशाला झालं. जुडी कोपऱ्यात तशीच राहिली. आठवड्याभरात ती पिवळी पडली, मग कुजली. हिरव्यागार खाचराच्या कोपऱ्यात गढूळ पाण्याचा तेवढा तुकडा मोकळा राहिला, आणि मी त्या रस्त्याने गेले की माझी नजर आधी तिथेच जायची. जो नियम करायचा कुणाला अधिकार नव्हता, तो नियम त्या बाईने पाळला. ज्यांनी तो केला ते त्या वेळी कुठल्या हॉटेलात बसले होते कोण जाणे.

मानसीने प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. ऑगस्टमध्ये पहिला हुकूम मिळाला: निकाल लागेपर्यंत अर्जदाराला तिच्या शेतात जाण्यापासून अडवू नये. मंडळाला विचारण्यात आलं, शिक्षेचा अधिकार कायद्यातल्या कोणत्या शब्दांतून आला ते दाखवा. मंडळाने मुदत मागितली. चिमाबाई खाचरात उतरल्या. बेणणीचं, म्हणजे तण काढायचं, काम पडलं होतं, त्या वाकल्या ते अंधार पडेपर्यंत वर आल्या नाहीत. लावणीचे दिवस सरले होते. कोपरा मोकळाच राहिला.

गणपती झाल्यावर मी भाज्याला गेले होते. चिमाबाईंच्या ओटीवर बसलो होतो तेवढ्यात प्रज्ञेशची मोटारसायकल दारात थांबली. त्याने एक पाकीट आणलं होतं. मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार करून चिमाबाईंचा दंड आणि मनाई रद्द केली होती, आणि नियमात दुरुस्ती केली होती: शेतीची कामे वगळून.

मानसीचा फोन मला सकाळीच येऊन गेला होता. ती म्हणाली होती, आता ते कोर्टाला सांगतील की बाईंची तक्रार मिटली. बाईंनी हे पत्र घेतलं आणि पोच दिली की प्रकरण संपलं. नाही घेतलं तर अजून किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, आणि हरूही शकतो. मी हे सगळं चिमाबाईंना सांगितलं होतं. पुढे काय करावं ते सांगितलं नव्हतं.

पाकिटातला कागद मी मोठ्याने वाचला. सहानुभूती! काल ज्या हाताने काढून घेतलं, तोच हात आज भीक घातल्यासारखं परत देत होता, आणि उद्या पुन्हा काढून घेणार नाही याची हमी कुणी द्यायची? बाकीचा नियम होता तसाच होता. दस्तगीरची टपरी त्याच नियमाखाली त्या आठवड्यात उचलली गेली होती. टपरीपुढे चहाला माणसं जमतात.

"आजी, बरं झालं की नाही?" प्रज्ञेश खरोखर आनंदाने म्हणाला. "इथे फक्त पोच म्हणून सही द्या."

चिमाबाई उठल्या. "बस," म्हणाल्या.

"नको आजी, घाईत आहे."

"बस म्हनते ना."

तो बसला. त्याच्यापुढे ताट आलं. तांदळाची गरम भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. तो एक संपवायचा, त्या दुसरी वाढायच्या. केरबा माझ्याकडे पाहून मिशीत हसले; आम्हा दोघांनाही आता काय होणार ते कळलं होतं. पोराला कळलं नव्हतं. तो मनापासून जेवला. हात धुऊन आला तेव्हा चिमाबाईंनी कागद पुन्हा पाकिटात घातला होता. ते पाकीट त्यांनी त्याच्या हातात दिलं.

"पोट भरलं?"

"हो, आजी."

"मंग ह्ये माघारी ने. सायबाला म्हनावं, सावड फिटली न्हाई. ज्यास्नी आमी निवडून दिलंय त्यांनी काय ते ठरवावं, चार लोकांत उभं ऱ्हाऊन. तुज्या हाती धाडू नगं म्हनावं."

"पण आजी, पत्र तुमच्या फायद्याचं आहे. मला सही नेली नाही तर बोलणी बसतील."

"बसू दे. जेवूनच चाललायस."

त्याने पाकीट रेनकोटच्या खिशात कोंबलं, हेल्मेट उचललं आणि खाली मान घालून निघाला. तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, चिमाबाई रेल्वेच्या आवाजावर मात करणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या, "आरं, पानी न्हाई प्यालास!"

तो परत आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला. पुढची तारीख पौषात आहे.